हातभर उंचीचा दगड

सटाण्याच्या जुन्या गावठाणात धाब्याचं घर पाडायला काढलं की मालक मला बोलावतो. आमच्याकडे आजोबांपासून गवंडीकाम आहे. कोणती तुळई पुन्हा चालेल, जोत्याचा कोणता चिरा निघताना फुटणार नाही, हे लोक मला विचारतात. माजघर, ओटा, देवळी सगळं बघून होतं. न्हाणीची चौकशी कोणी करत नाही. माझं लक्ष मात्र तिथं असतं. त्या घरात म्हातारपण कसं गेलं असेल, ते मला न्हाणीच्या दगडांवरून कळतं.

जुनी न्हाणी म्हणजे मागच्या पडवीचा एक कोपरा. तीन हात लांब, दोन-अडीच हात रुंद. वर छप्पर असेल नसेल, एका अंगाला मातीची आडभिंत, तोंडाशी जुन्या लुगड्याचा पडदा. खाली काळ्या दगडाची फरशी, तिला एका कोपऱ्याकडे उतार, आणि त्या कोपऱ्यात भिंतीला भोक. पाणी तिथून परसात जायचं, अळूच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी. हा उतार काढणं कसबाचं काम होतं. आमच्या बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवर फडाचे बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपासूनचे. त्यांच्या पाटांना इतका बारीक उतार दिलेला असतो की पाणी चालत राहतं आणि माती खात नाही. असे पाट ज्या मुलखात निघाले, तिथल्या गवंड्यानं बांधलेल्या न्हाणीचं पाणी माजघरात शिरलं तर त्याला पुढचं काम मिळणं अवघड होतं. आजोबा तांब्याभर पाणी फरशीच्या वरच्या टोकाला ओतायचे आणि ते थबकतं कुठं ते बघत उभे राहायचे. थबकलं तर दगड उचलून पुन्हा बसवायचे.

फरशीला टाकी लावलेली असायची. छिन्नीचे बारीक घाव जवळजवळ घातले की दगड खरबरीत होतो आणि ओला पाय त्यावर धरतो. पण तेल, उटणं, पुढे साबण, यांनी वर्षा-दोन वर्षांत तो पुन्हा बुळबुळीत होतो. जाती आणि पाटा-वरवंटे टाकवून देणाऱ्या बायका तेव्हा गल्लोगल्ली यायच्या. पाट्याबरोबर न्हाणीचा दगडही टाकवून घ्या, असं आजोबा ज्यांची घरं बांधली त्यांना सांगून ठेवायचे. ज्या घरात कोणाची साठी उलटली असेल तिथं तर आठवणीनं.

आणि भिंतीलगत ते आणखी एक दगड बसवायचे. हातभर उंच, माथा सपाट, पुढची कड गोल घासलेली. आंघोळीला पाट असायचाच, पण पाट चार बोटं उंच. तरण्या माणसाला तो पुरतो. गुडघे गेलेल्या माणसाला त्यावर बसवलं की उठवायला दोन माणसं लागतात. हातभर दगडावर बसलं की पावलं पुरती जमिनीला टेकतात आणि मांड्या आडव्या राहतात, म्हणून उठताना पायात जोर येतो. आपला हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दीड फूट. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याखाली जी मोजमापं ठरली त्यांत न्हाणीघरातल्या बैठकीची उंची १७ ते १९ इंच धरली आहे. आजोबांनी आयुष्यात इंचपट्टी वापरली नाही. त्यांनी स्वतःच्या आईला बसताना-उठताना पाहून ती उंची घेतली होती.

त्या पणजीला घरात मोठी माय म्हणत. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिचं एक बोलणं घरात राहिलं आहे. सुना दंडाला धरून न्हाणीत न्यायला लागल्या की ती म्हणायची, “माले धरू नका, मी बसस.” मला धरू नका, मी बसते. सुनेनं पाणी ओतावं, पाठ चोळावी, वजरीनं टाचा घासून द्याव्यात, याला तिची ना नव्हती. पण बसणं तिचं तिला करायचं होतं, आणि हातभर दगडामुळे ते तिला शेवटपर्यंत करता आलं. माणसाला न्हाऊ घालणं आणि माणसाला न्हायला मदत करणं यांत फार अंतर आहे. गवंडीकाम करणाऱ्यानं ते ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण हे अंतर पुष्कळदा बांधकामातच ठरून जातं.

घराबाहेरची आंघोळही म्हाताऱ्यांना झेपेल अशीच असायची. आरम नदी वाहती होती तोवर अर्धं गाव नदीवर जायचं. पुढे नदीचं पाणी केळझरच्या धरणाच्या आवर्तनावर गेलं आणि ती सवय मोडली. नदीत माणूस आपल्या बेतानं खोल जातो. घोट्याएवढ्या पाण्यात दगडावर बसून तांब्यानं अंगावर घेतलं तरी आंघोळ झाली. नाशिकचं रामकुंड १६९६ सालचं. त्याच्या पायऱ्यांवर थकलेली माणसं कुठं बसतात ते बघावं. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर, पाणी पोटाशी येईल इतक्याच खोलीला, वरच्या पायरीचा पाठीला आधार घेऊन. खान्देशात चोपड्याजवळ अडावदचं उनपदेव आहे. तिथं गोमुखातून उष्ण पाणी पडतं, आणि सांधे धरलेली माणसं त्या धारेखाली बसून राहतात. या सगळ्या जागांत माणूस पाण्याकडे उतरत जातो किंवा पाणी त्याच्याकडे येतं. ओल्या अंगानं, एका पायावर तोल सांभाळत भिंत ओलांडायची वेळ कुठंच येत नाही. टबाचा विचार करताना मी हे आधी सांगतो, कारण टबाला भिंत असते.

गरम पाण्याची गोष्ट थोडी वेगळी सांगायला हवी. सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा मार्गशीर्षात, वद्य एकादशीच्या सुमारास भरते. यशवंतराव भोसेकर इथले मामलेदार होते, आणि १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना लोकांसाठी उघडला. यात्रेचे दिवस म्हणजे ऐन थंडी. घरोघर पाहुणे, त्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. परसातल्या चुलीवर हंडा दिवसभर उतरत नसे. सरपणाला तुराट्या, उसाची चिपाडं. ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडे तांब्याचा बंब. नाशिकच्या तांबटांच्या मालाचं नाव मोठं, त्यामुळे घंगाळ घ्यायचं तर लोक नाशिकला जायचे. कढत पाणी घंगाळात ओतून त्यात विसण घालायचं आणि कोपर बुडवून ऊन किती आहे ते बघायचं. म्हातारी कातडी पातळ असते, तिला चटका लवकर बसतो आणि कळतो उशिरा. म्हणून विसण घालण्याचं काम पोरांवर सोडत नसत.

माझे वडील सिमेंटच्या काळातले. त्यांच्या हयातीत न्हाणी घरात आली. शहाबादी फरशी मनमाडहून ट्रकनं यायची. खडबडीत फरशी स्वस्त, घासलेली महाग. न्हाणीला खडबडीतच वापरायची, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. आडभिंतीच्या जागी विटांची भिंत आणि पत्र्याचं दार आलं. बायकांच्या दृष्टीनं हा बदल फार मोठा होता. पडद्याआड, अंगावर लुगडं ठेवून, उजाडायच्या आत अंग धुऊन घेणाऱ्या पिढीला कडी लावता येईल असं दार मिळालं. जुन्या न्हाणीचं कौतुक करताना ही गोष्ट मी कधी विसरू देत नाही. तिथं आडोसा अपुरा होता, पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि थंडीत वारा झोंबायचा.

पण याच काळात हातभर दगड गेला. नळाची तोटी भिंतीत आली, तिच्या वर शॉवर आला आणि आंघोळ करणारा माणूस उभा राहिला. नव्या बाथरूमची सगळी मापं उभ्या माणसाची आहेत. नळ कंबरेला, साबणाचं घर छातीला, शॉवर डोक्यावर. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड, कधी त्याहून उशिरा येतं, त्यामुळे बादली आणि पिंप सुटलं नाही. म्हणजे वाकणंही राहिलंच. वाकायचं, तांब्या भरायचा, सरळ व्हायचं, डोक्यावर ओतायचं, आणि हे सगळं ओल्या फरशीवर. नंतर मोरबीच्या टाइल आल्या. भिंतीला चकचकीत, तशीच खालीही चकचकीत. पाणी बाहेर येऊ नये म्हणून दाराशी संगमरवराचा उंबरा. जागा वाचावी म्हणून दार आत उघडणारं. एका घरी आजी आत पडल्या त्या दाराला टेकूनच. ढकलावं तर दार त्यांनाच लागत होतं. शेवटी मी करवतीनं दाराची खालची फळी कापली तेव्हा त्यांना बाहेर काढता आलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या पुन्हा स्वतःच्या पायानं न्हाणीत गेल्या नाहीत.

अशा पडण्या-झडण्यानंतरच घरात टबाचा विषय निघतो.

टब आपल्या भागात अगदी नवा नाही. जर्मनीत लाइपझिगला लुई कुने नावाचे निसर्गोपचारक होते, १९०१ मध्ये वारले. त्यांचं कटिस्नान गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच उचललं होतं. १९४२ मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहायला घेतली, तिच्यात या स्नानाची कृती आहे. पुढे मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले आणि तिथल्या निसर्गोपचार आश्रमाचं काम सुरू झालं. महाराष्ट्रातल्या साध्या माणसांनी टबात बसून केलेली आंघोळ पाहिली ती अशा ठिकाणी. आमच्या गल्लीत एका निवृत्त मास्तरांकडे तसा जस्ताच्या पत्र्याचा टब होता. पाठीकडची बाजू उंच, पुढची बुटकी; कंबर पाण्यात, पाय बाहेर कोरडे. वडिलांनी तो निरखून पाहिला होता आणि त्यांचं म्हणणं एकच होतं: बसायला उत्तम, पण बूड फार खाली आहे, याच्यातून उठायचं कसं?

परदेशातही टबाची गाडी याच प्रश्नावर अडली होती. जकूझी हे नाव आज चैनीचं वाटतं. पण ते इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या, पंप बनवणाऱ्या एका कुटुंबाचं आडनाव आहे. त्यांच्यातल्या कांदिदो जकूझी यांच्या लहान मुलाला संधिवात होता. दवाखान्यात मिळणारा पाण्याचा शेक त्याला घरच्या टबात मिळावा म्हणून त्यांनी टबात ठेवायचा पंप केला, आणि १९५६ मध्ये तो विक्रीला आला. एका दुखऱ्या पोरासाठी केलेली वस्तू होती ती. पण टबाची भिंत तशीच राहिली. बाजूला दार असलेले, आत खुर्चीसारखी बैठक असलेले टब नंतर आले, आणि आता ते आपल्याकडेही मागवता येतात.

मागे एका मुलाचा अमेरिकेतून फोन आला. त्याची आई इथं सटाण्यात एकटी, दोन्ही गुडघे धरलेले, डाव्या अंगात जोर कमी. “काका, दाराचा टब पाठवतो, बसवून द्या.” मुलाची कळकळ खरी होती, पैशांचा प्रश्न नव्हता. मी फोनवर हो-नाही काहीच म्हटलं नाही, टेप घेऊन गेलो. बाथरूम चार बाय सहा. टब त्यात मावला असता, पण मावल्यावर शेजारी धरून उभं राहायला माणसाला जागा उरली नसती. दाराच्या टबात आधी आत जाऊन बसावं लागतं, दार लावावं लागतं, मग पाणी सोडायचं. भरेपर्यंत उघड्या अंगानं बसून राहायचं, आणि आंघोळ झाल्यावर पाणी पूर्ण ओसरेपर्यंत पुन्हा बसायचं, कारण त्याआधी दार उघडता येत नाही. मार्गशीर्षातल्या थंडीत हे त्या बाईंना करायला लावायचं का? टबाला दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, आणि त्यांचा गीझर पंधरा लिटरचा. नळ दिवसाआड. बाथरूम वरच्या मजल्यावर, खाली सन्क (खोलगट घेतलेला) स्लॅब. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, वर टब आणि माणूस. मी हे सगळं मुलाला सांगितलं. “मग आईनं काय करायचं?” असं तो म्हणाला, आणि मला त्याचा तो प्रश्न फार योग्य वाटला.

मी बाईंना विचारलं, “माय, तुम्हाला बुडून आंघोळ हवी का अंगावर पाणी हवं?” हा प्रश्न घरात कोणी केला नव्हता. त्यांना अंगावर पाणी हवं होतं, भरपूर, आणि ते घेताना कोणी समोर उभं नको होतं. मग आम्ही विटा आणल्या. खोलीत, कोरड्या जमिनीवर, विटांचा थर रचून वर चादर टाकली आणि त्यांना बसायला-उठायला सांगितलं. एक थर वाढवून पुन्हा. ज्या उंचीवरून त्या हात न टेकता उठल्या ती उंची धरली. ती दीड फुटापेक्षा थोडी जास्त निघाली, कारण गुडघे पुरते वाकत नव्हते. तेवढी पक्की बैठक भिंतीलगत बांधली, पुढची कड गोल, माथ्याला पुढे किंचित उतार. उंबरा काढला आणि उतार कोपऱ्याकडे वळवला. खालच्या टाइल फोडून खडबडीत बसवल्या. दार बाहेर उघडणारं केलं. हातात धरायचा शॉवर बैठकीच्या उजवीकडे लावला, कारण जोर उजव्या हातात. नळ असा घेतला की त्यात गरम-थंड आपोआप ठरलेल्या मापानं मिसळतं. विसण घालायचं काम तो करतो. धरायला दांडे दोन, एक बैठकीशेजारी आडवा, एक दाराशी उभा, मुठीत पुरा मावेल एवढ्या जाडीचे. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय फार घरांत दिसते. ती दांडी दोन बारीक स्क्रूंवर असते आणि माणसाच्या वजनाला उखडते.

याचा अर्थ टब घेऊच नये असा मी काढत नाही. सांध्यांना शेक हवा असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तळमजल्यावर ऐसपैस जागा असेल, पाणी मुबलक असेल, तर दाराचा टब माणसाला खरं सुख देतो. तेव्हा दाराच्या उंबऱ्याची उंची बघावी, कारण काही टबांना तो चांगला वीतभर असतो. बैठकीची उंची विटांवर ठरवून मग टबाची पाहावी. दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघावं. आत उघडणारं दार पाण्याच्या दाबानं घट्ट बसतं, पण आत माणूस कोलमडला तर बाहेरून उघडता येत नाही. बाहेर उघडणाऱ्याला मोकळी जागा लागते. निचऱ्याचा पाइप मोठा घ्यावा, म्हणजे ओल्या अंगानं बसणं कमी होतं. आणि घरात साधा टब आधीच असेल तर तो फोडू नये. दोन पाय टबात आणि दोन बाहेर असा बाक मिळतो. त्यावर बाहेर बसायचं आणि सरकत आत जायचं, भिंत ओलांडावी लागत नाही.

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही ती माणसं माझ्याकडे जास्त येतात. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची. तिच्यात ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या माणसाच्या खात्यात ३,००० रुपये येतात, साधनं घ्यायला. लोक काठी, चष्मा, गुडघ्याचा पट्टा घेतात. योजनेच्या यादीत कमोडची खुर्चीही आहे, आणि मी तीच घ्या म्हणतो. तिच्या पायांची उंची कमी-जास्त करता येते, हाताला टेकू मिळतो, भांडं काढलं की आंघोळीलाही चालते. फक्त पायांची रबरी बुडं झिजली की बदलायची, नाहीतर ओल्या फरशीवर खुर्चीच सरकते.

नव्या घराचा नकाशा घेऊन हल्ली तरुण जोडपी येतात. त्यांचे आई-बाप पन्नाशीचे, धडधाकट. बाथरूमच्या चौकोनात मी पेन्सिलनं दाराची कमान उलटी करतो, उंबरा खोडतो आणि भिंतीवर दोन जागी फुल्या मारतो. तिथं हलक्या ब्लॉकऐवजी पक्क्या विटांचं बांधकाम घ्यायचं, म्हणजे पुढे कधीही दांडा ठोकला तर धरेल. प्लास्टरच्या आधी सांगितलं तर या सगळ्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. बैठकीची जागा मोकळी सोडायची आणि तिथं वॉशिंग मशीन ठेवायचं नाही, एवढं मात्र मला दरवेळी दोनदा सांगावं लागतं.